टास्करची मतपेटी

आमच्या गल्लीतल्या बायका शनिवारी सकाळी दारापुढच्या संगमरवरी पायऱ्या घासायला बसत, तेव्हा एनॉक टास्करचा विषय हटकून निघे. "साऱ्या फिलाडेल्फियाची नावं सोन्यानं लिहितो, आणि स्वतःच्या दारावर खडूनं आकडा!" असे एखादी म्हणे. त्यावर पलीकडच्या मिसेस डोलन ब्रश बादलीत आपटून म्हणत, "अहो, ज्यांनी ह्याला बाहेर काढलं, त्यांच्याच भिंतीवर चढून त्यांची नावं चकाकवून येतो. देवानं अक्षर दिलं, पण कणा द्यायचा राहिला."

टास्कर खांद्यावर शिडी घेऊन गल्लीत शिरला की त्याच मिसेस डोलन तोंडभर हसत. "काय मिस्टर टास्कर, आज कुणाला अमर करून आलात?"

"दंतवैद्याला, मिसेस डोलन. 'अजिबात दुखत नाही' असं तीन फुटी अक्षरांत लिहून घेतलं. मी शिडीवर असेपर्यंत आत दोघं किंचाळले."

मी गल्लीच्या तोंडाशी राहत असे. ही बोलणी मी वर्षानुवर्षे ऐकली आणि टोपीला हात लावून पुढे गेलो. टास्करला चित्रकारांच्या क्लबातून बाहेर काढणारे अनेक होते, असे गल्ली धरून चालली होती. तसे नव्हते. तो एकच होता आणि त्याच्या पायऱ्या गल्लीच्या तोंडाशी होत्या.

टास्कर पाट्या रंगवी. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, खानावळींच्या. मी सस्क्वेहाना नदीकाठच्या एका खेड्यातून आलेला. वडिलांनी मला धर्मोपदेशक व्हावे म्हणून कॉलेजात घातले होते. मी लॅटिन शिकून चित्रकार व्हायला शहरात आलो. पहिली दोन वर्षे चित्रांवर पोट भरेना, तेव्हा टास्करने मला हाताखाली घेतले. दोन उन्हाळे आम्ही दोघांनी लँकेस्टरकडच्या रस्त्यांवरची गोठ्यांची आणि कोठारांची भिंताडे तंबाखूच्या जाहिरातींनी रंगवली. दोरखंडाला बांधलेल्या फळीवर आम्ही शेजारी शेजारी बसत असू. तो अक्षराची कड धरी, मी आतला भाग भरीत असे. "कडेबाहेर जाऊ नकोस," तो म्हणे, "गाई वाचतात."

स्टोव्हपाइप क्लबची स्थापना १८८९च्या नोव्हेंबरात झाली, ती टास्करच्या दुकानावरच्या माळ्यावर. सात जण होते. एकट्याला मॉडेल परवडत नसे, म्हणून सातांनी मिळून एक मॉडेल आणि एक शेगडी घेतली. पहिल्याच आठवड्यात शेगडीचे धुराडे सांध्यातून निखळून मॉडेलच्या पायाशी पडले आणि सगळे काजळीने काळे झाले. टास्करने ते पत्र्याच्या पट्टीने जोडले. क्लबला नाव मिळाले ते त्या धुराड्यावरून. पुढे क्लबला आणखी काही प्रथा जडल्या. शुक्रवारी एक विषय जाहीर व्हायचा, दोन तासांत प्रत्येकाने चित्र पुरे करायचे, सही न करता भिंतीवर लावायचे आणि मग जेवताना एकमेकांच्या चित्रांची यथेच्छ नालस्ती करायची. टास्करची चित्रे सहीवाचूनही ओळखू येत. 'वादळ' हा विषय असो की 'एकांत', त्याच्या चित्रात घोडागाडी असे, आणि घोड्याच्या अंगावरचा एकूण एक पट्टा जागच्या जागी असे. "टास्कर, तुझा घोडा दुकानाबाहेर टांगण्यासारखा आहे," असे कोणीतरी म्हणे. "टांगलाय," टास्कर म्हणे. "मार्केट स्ट्रीटला. खोगीरवाल्याकडे."

दुसऱ्या वर्षी त्याने मला क्लबात नेले. माझ्यापाशी दाखवायला धड एक चित्र नव्हते. मंडळी कुरकुरू लागली. टास्करने माळ्याच्या भिंतीवरच्या सभासदांच्या पाटीकडे बोट केले. पाटीवर दहा नावे होती, आणि अकराव्या जागी पेन्सिलीने माझे नाव आखलेले होते. "मी आखून ठेवलंय," तो म्हणाला. "आता खोडायला लावलंत तर लाकडावर डाग राहील." मंडळी हसली, हात वर झाले, आणि दुसऱ्या दिवशी सायलस बॉनेल हे नाव सोन्यात उमटले.

मतपेटी त्यानंतर आली. क्लब वाढला, हात वर करून मत देणे अवघड वाटू लागले. इतर क्लबांत असते तशी गुप्त मताची पेटी हवी, असे ठरले. एक जरी काळे मत पडले, तरी उमेदवार बाहेर. पेटी अर्थात टास्करनेच केली. अक्रोडाच्या लाकडाची, पुढे हात जाईल एवढे भोक, आत उतरती फळी आणि तळाशी खण. पहिल्या वर्षी गोळ्या काळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही गोल होत्या. जानेवारीच्या अंधारलेल्या दुपारी एका म्हाताऱ्या सभासदाने पांढरी समजून काळी टाकली आणि एक भला माणूस वर्षभर बाहेर राहिला. मग टास्करने काळ्या गोळ्या फेकून दिल्या आणि त्यांच्या जागी काळे चौकोनी ठोकळे केले. "काळा टाकायचा तर बोटांना कळून टाकावा," तो म्हणाला. हे वाक्य पुढे माझ्या डोक्यातून कधी गेले नाही.

१९०२मध्ये क्लबने स्वतःची इमारत घेतली. तळघरात स्वयंपाकघर, वर सभागृह, त्यावर उत्तरेच्या उजेडाची चित्रशाळा. स्वयंपाकघरातून जेवण वर चढवायला भिंतीतून दोरीचा लहानसा पाळणा होता आणि सभागृहात त्याच्या तोंडावर लाकडी झाकण होते. अध्यक्ष झाले थॅचर ल्युकन्स. समुद्राची चित्रे काढत, मोठ्या कला अकादमीत त्यांची ऊठबस होती, आवाज मऊ. त्यांनी नवी घटना लिहिली. तिच्यात एक कलम होते: ज्यांची चित्रे परीक्षक मंडळाने निवडलेल्या प्रदर्शनात लागली आहेत तेच सभासद, बाकीच्यांनी नव्याने मताला सामोरे जावे. बाकीचा असा एकच होता. टास्करचा घोडा परीक्षकांपर्यंत कधी पोचलाच नव्हता.

"मला काही अडचण नाही," टास्कर म्हणाला. "पेटी माझी आहे, मला चावायची नाही." पण मताचा दिवस जवळ आला तेव्हा त्याने नवा कोट शिवून घेतला, असे मिसेस डोलननी मला सांगितले. "उमेदवाराचा कोट म्हणे! बावीस माणसं ह्याच्या पाटीवर, आणि हा नवरदेवासारखा घामाघूम." त्याला बायकामुले नव्हती. त्याला दुसरी बैठक नव्हती, दुसरी शुक्रवारची संध्याकाळ नव्हती. हे मला माहीत होते.

मताच्या दोन दिवस आधी ल्युकन्स माझ्या टेबलाशी येऊन बसले. मी तेव्हा मासिकांसाठी चित्रे काढत असे आणि मार्चच्या प्रदर्शनात चित्रे टांगणाऱ्या समितीवर येण्याची मला आशा होती. कोणाचे चित्र डोळ्यांसमोर लागायचे आणि कोणाचे छताशी, हे ती समिती ठरवी.

"टास्कर माणूस लाखमोलाचा आहे, बॉनेल," ते म्हणाले. "पण मार्चमध्ये बाहेरची मंडळी येतील, यादी वाचतील. चित्रकार, शिल्पकार, वास्तुकार, आणि त्यांच्या पंगतीला पाट्या रंगवणारा! लोक विचारतील, ह्यांच्यातले आणखी किती जण शिडीवरून उतरून आलेत?"

माझी कोठारे आणि तंबाखू त्यांना ठाऊक नव्हती. म्हणूनच ते वाक्य मला लागले. शुक्रवारी जेवताना टास्कर कधीतरी सहज म्हणे, "बॉनेल आणि मी फळीवर होतो तेव्हा...", आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापत. कोणी नीट ऐकत नसे. पण एखादे दिवशी कोणी ऐकेल, विचारील, ही भीती माझ्यात बारा वर्षे होती. ल्युकन्सनी मला काहीही करायला सांगितले नाही. हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. माझ्या बाजूने लिहिण्यासारखे त्या दिवसांत काही नाही.

१९०३च्या जानेवारीचा पहिला शनिवार, दुपारचे बारा. त्या दिवशी वजडीचे तिखट सूप करायचे आणि ते टास्करने करायचे, ही स्थापनेपासूनची रीत. उमेदवार असला तरी त्याने ती मोडली नाही. नव्या कोटावर ॲप्रन बांधून तो तळघरात चुलीशी उभा होता. वर आम्ही बावीस जण. मत पाटीवरच्या क्रमाने द्यायचे. नाव पुकारायचे नाही, एकेकाने उठून पेटीत हात घालायचा. कुणाला काही ऐकू जाऊ नये म्हणून पाटीवर शेवटचा असलेला ओटो फेन्स्टर पियानो बडवी, आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतः उठे.

माझी पाळी आली. वाडग्यात गोळ्या आणि ठोकळे एकत्र होते. माझ्या बोटांना कड लागली. ती लाकडाची कड मला आजही बोटांत जाणवते. फेन्स्टर पोल्का नाचाची एक उडती धून वाजवत होता आणि चुकत होता. मी हात पेटीत घातला, मूठ उघडली आणि जागेवर येऊन बसलो.

ल्युकन्सनी खण ओढला. एकवीस पांढऱ्या गोळ्या आणि एक काळा ठोकळा.

"कोण तो गाढव?" फेन्स्टर पियानोवरून उठला. "अरे, ह्या पेटीच्या बापालाच? हात वर करा!"

"मत गुप्त असतं, फेन्स्टर," ल्युकन्स म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. त्यांनीही पांढरी टाकली होती. खणात एकच काळा होता आणि तो माझा होता. नको म्हणणे आणि प्रत्यक्ष हाताने करणे यांतले अंतर त्यांनी राखले होते. मी ते ओलांडले.

"खाली जाऊन सांगणार कोण?" कुणीतरी विचारले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्याचा सर्वांत जुना मित्र होतो.

स्वयंपाकघरात वाफ दाटली होती. टास्कर पातेल्याकडे तोंड करून उभा होता.

"एक काळा पडला, एनॉक," मी म्हणालो. "कुणाचा, ते काही कळत नाही. मला फार वाईट वाटतं."

त्याने पळी पुढे केली. "मीठ बघ."

मी चाखले. "बरोबर आहे."

"मग वर सांग, पाच मिनिटांत पाठवतो." त्याने पळी परत घेतली. तेव्हा त्याने क्षणभर माझ्या उजव्या हाताकडे पाहिले, असे मला आज वाटते. त्या दिवशी वाटले नव्हते. मी वर गेलो आणि दोन वाट्या सूप प्यालो.

नव्या इमारतीसाठी नवी पाटी हवी होती. तिचे काम टास्करला आधीच सांगितलेले होते. ते परत घेण्याचे धैर्य कोणाला झाले नाही आणि त्याने ते नाकारलेही नाही. सोमवारी तो शिडी घेऊन आला. रुंद, विरळ केसांचा ब्रश गालावरून फिरवायचा, गालाच्या तेलकटपणाने वर्ख उचलायचा आणि अक्षरावर अलगद सोडायचा, अशी त्याची पद्धत. बावीस नावांसाठी त्याने किती वेळा तो ब्रश स्वतःच्या गालावरून फिरवला असेल! तिसरे नाव तेवढे त्यात नव्हते. जुन्या पाटीवर तिसरा तो होता.

मी दारातून जात होतो. त्याने वरूनच हाक मारली. "बॉनेल, तुझ्या नावाच्या शेवटच्या दोन 'एल'च्या उभ्या रेषा सरळ आल्यात का, खालून सांग."

"सरळ आहेत," मी म्हणालो.

"नीट बघ. एकदा वर्ख लागला की तो निघत नाही."

त्यानंतर नवा सभासद निवडला की त्याला बोलावणे जाई आणि तो येई. नाव लिही, दर दोन वर्षांनी जुन्या नावांवरही नवा वर्ख चढवी, शिडी उचली, पायऱ्या उतरून निघून जाई. शुक्रवारी मात्र पुन्हा कधी आला नाही. सूपही नाही. ते नंतर एका हॉटेलातून येऊ लागले आणि फेन्स्टर दरवर्षी म्हणे, "ह्यात वजडी कमी आणि पश्चात्ताप जास्त आहे." सगळे हसत. मीही हसत असे. मार्चमध्ये मला समितीवर घेतले आणि माझे चित्र डोळ्यांसमोर लागले. ते कुणाच्या लक्षात राहिले नाही. माझ्याही नाही.

१९१४मध्ये क्लबला पंचवीस वर्षे झाली. इतिहासाची पुस्तिका छापायची होती आणि मी कॉलेजात शिकलेला म्हणून लेखन माझ्याकडे आले. धुराडे पडल्याची गोष्ट मी रंगवून लिहिली. टास्करचे नाव लिहायचे, तर तो आज सभासद का नाही, हे लिहावे लागले असते. मी लिहिले: 'स्थापनेच्या काळात एका स्थानिक कारागिराचे साहाय्य झाले.' टास्करने ती पुस्तिका विकत घेतली होती. मिसेस डोलन म्हणाल्या, "दारात बसून वाचत होते. मी विचारलं, काय लिहिलंय? तर म्हणाले, छपाई चांगली आहे."

गेल्या वर्षी, १९२१मध्ये, मी अध्यक्ष झालो. त्याच सुमारास टास्करचे हात कापू लागले. जन्मभर पांढऱ्या शिशाचा रंग हाताळणाऱ्यांचे कापतात तसे. वसंतात निवडलेल्या सभासदाचे नाव त्याने लिहिले, ते जरा खाली झुकले. तो खाली उतरून बराच वेळ ते पाहत राहिला. पुढच्या बैठकीत फेन्स्टरने ठराव मांडला: टास्करला मानद सभासद करा. ठराव एकमताने झाला. मानद सभासदाला मतदान लागत नाही. कार्यकारिणीने ठरवले की पुरे. हे ऐकून मला सुटल्यासारखे वाटले, आणि ते वाटल्याचीही लाज वाटली. क्लबच्या शिक्क्याचे पत्र छापून घेतले. ते द्यायला अध्यक्षाने जावे, असे ठरले.

मे महिन्यातली दुपार होती. टास्कर पायरीवर बसून ब्रश टर्पेंटाइनमध्ये धूत होता. आता लागणार नव्हते, तरी धूत होता. पलीकडे मिसेस डोलन खिडकीत होत्या. "अध्यक्ष आलेत हो, मिस्टर टास्कर! कोट घाला!"

"कोटाला कसर लागली," टास्कर म्हणाला, आणि सरकून मला जागा केली.

पत्र देण्याआधी सांगायचे, असे मी घरून ठरवून निघालो होतो. वाक्यही जुळवले होते. पायरीवर बसल्यावर तोंडातून भलतेच निघाले.

"एनॉक, त्या वर्षीचा तो काळा... माझ्याकडून पडला. अंधार होता. हात चुकला माझा."

तो ब्रश धूत राहिला. "चुकू नये म्हणून तर चौकोनी केले होते."

गल्लीतून बर्फवाल्याची गाडी गेली. मग मी म्हणालो, "चुकला नव्हता. मी कळून टाकला." आणि का टाकला तेही सांगितले: ल्युकन्स, यादी, फळी, कोठारे. सांगताना ते फार लहान वाटले. एवढ्याशा कारणासाठी एका माणसाच्या अठरा वर्षांच्या शुक्रवारच्या संध्याकाळी गेल्या होत्या.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? पेटी तुम्ही पाळण्याच्या झाकणावर ठेवली होतीत. वर पियानो होता, खाली नव्हता. भिंतीतून सगळं सरळ खाली येत होतं. गोळी टाकली की घरंगळते, ठोकळा टाकला की जागच्या जागी बसतो. पेटी माझ्या हातची, मला कळणार नाही? नऊ घरंगळले, दहावा बसला. पाटीवर तू अकरावा. पण तिसरा मी, आणि त्या दिवशी मी मोजण्यात नव्हतो."

म्हणजे मी खाली गेलो, मीठ चाखले, कुणाचा ते कळत नाही म्हणालो, तेव्हा त्याला सगळे माहीत होते.

"अठरा वर्षं एक शब्द बोलला नाहीस," मी म्हणालो.

"तू बोलायचं होतंस. मी कशाला बोलू?"

"आणि माझं नाव लिहीत राहिलास. दर दोन वर्षांनी नवा वर्ख."

"मग काय वाकडं लिहू? लोक तुला हसले असते होय? मला हसले असते."

मी पत्र पुढे केले. त्याने हात पुसून ते उघडले, कापऱ्या बोटांनी लांब धरले. "अक्षर कुणाचं?"

"छापलेलं आहे, एनॉक."

"ते दिसतंय." त्याने सगळे वाचले. 'मानद' या शब्दावर त्याचा अंगठा थांबला. "ह्याला मत लागतं?"

"नाही. म्हणजे, कुणाला विचारावं लागत नाही. सरळ पाटीवर नाव."

खिडकीतल्या मिसेस डोलननी काम थांबवले होते. टास्करने पत्राची घडी घातली. हात कापत होते, तरी घडी काठाला काठ जुळवून घातली. मग ती माझ्या कोटाच्या खिशात खोचली आणि म्हणाला:

"मानद-बिनद मला नको. पेटी काढा, मतं घ्या. आणि त्या दिवशी खाली सूप तू कर."